हांगझोऊच्या १०७ पदकांचा अर्थ नेमका काय लावायचा?

बाणेरची_पहाट

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, सांभाळून घ्या.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, गेली दोन वर्षं बालेवाडीला ८०० आणि १५०० मीटरचा सराव करते. रोज पहाटे साडेपाचला मी तिला स्कूटरवर सोडतो आणि तिचं होईपर्यंत बाहेर चहा घेत बसतो. गेल्या रविवारी घरी सगळे जेवायला जमले होते, तिचा मामा म्हणाला यंदा सप्टेंबरात नागोयाला एशियाड आहे, मागच्या वेळी हांगझोऊला १०७ पदकं आली, आता बघू किती होतात. त्यावर माझे मोठे भाऊ म्हणाले, "ते १०७ काही सांगू नकोस, त्यातली निम्मी कबड्डी-क्रिकेटची. खरं काय ते पॅरिसला दिसलंच ना, सहा पदकं आणि त्यात सोनं एकही नाही." दादांचा स्वभाव तसा वाईट नाही, त्यांना खेळाची आवड आहे, म्हणूनच ते तळमळून बोलतात. पण पोरगी ताटातली पोळी तशीच ठेवून ऐकत होती आणि रात्री झोपताना मला विचारते, "बाबा, मग साबळे दादांचं सोनं पण तसलंच का?" साबळे म्हणजे हांगझोऊला स्टीपलचेसच्या शर्यतीत सोनं आणणारा अविनाश साबळे.

मला धड उत्तर देता आलं नाही. नुसतं "नाही गं बाळा" म्हणून दिवा घालवला, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. एशियाडमधल्या पदकाला किती वजन द्यायचं? आपण खरंच पुढे गेलोय का, की खेळांचे प्रकार वाढले म्हणून आकडा फुगलाय? इथे बरेच जण मैदानावरचे आहेत म्हणून विचारतोय, नीट समजावून सांगा.

---

कोथरूडचा_हिशेबनीस

दादांचं वाक्य अर्धं चूक आहे आणि अर्धं बरोबर. चूक कुठे ते आधी सांगतो. हांगझोऊला आपली २८ सुवर्ण, ३८ रौप्य आणि ४१ कांस्य, मिळून १०७. त्यात कबड्डीची दोन आणि क्रिकेटची दोन, म्हणजे चार पदकं फक्त! निम्मीच म्हणायची असतील तर ती ॲथलेटिक्स आणि नेमबाजीची म्हणा, ॲथलेटिक्स २९ आणि नेमबाजी २२, बेरीज ५१. हे त्यांना नक्की सांगा.

आता बरोबर कुठे ते. २८ सुवर्ण आली कुठून तर नेमबाजी ७, ॲथलेटिक्स ६, तिरंदाजी ५, कबड्डी, क्रिकेट, स्क्वॉश प्रत्येकी २ आणि हॉकी, टेनिस, बॅडमिंटन, घोडेस्वारी प्रत्येकी १. पैकी तिरंदाजीची पाचही कंपाउंडची, म्हणजे पुलीच्या धनुष्याची, आणि कंपाउंड पॅरिसला नव्हतं. नेमबाजीच्या सातातली पाच सांघिक, म्हणजे तिघांच्या पात्रता फेरीतल्या गुणांची बेरीज करून दिली जातात ती, तो प्रकारही ऑलिम्पिकला नसतो. कबड्डी, क्रिकेट, स्क्वॉश पॅरिसला नव्हतेच. हे सगळं बाजूला काढलं की उरतात १२. ॲथलेटिक्सची सहाही त्यात आहेत, सिफ्त कौर आणि पलकची नेमबाजीतली वैयक्तिक दोन आहेत, बाकी हॉकी, बॅडमिंटनची सात्त्विक-चिरागची जोडी, टेनिसचे बोपण्णा आणि आपली ऋतुजा भोसले, आणि घोडेस्वारीतल्या ड्रेसाजचा संघ. २८ पैकी १२. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये क्रिकेट आहे आणि कंपाउंडची मिश्र जोडीही आलीय, त्यामुळे हाच हिशेब तेव्हाच्या यादीने केला तर १५ होतात.

अजून एक. जकार्ताला २०१८ मध्ये आपली एकूण पदकं ७० होती, तिथून पुढच्याच एशियाडला १०७, ही उडी काही साधी नाही. पण त्याच हांगझोऊत चीनची एकूण ३८३, त्यात सुवर्ण २०१, आणि त्यांनी नुसत्या पोहण्यात २८ सुवर्ण घेतली. आपली सगळ्या खेळांत मिळून जेवढी तेवढी त्यांची एका तलावात! पोहण्यात आपल्याला एकही पदक नाही. चौथा नंबर आला याचा मला मनापासून आनंद आहे, पण तिसऱ्या कोरियाची सुवर्ण ४२ आणि पाचव्या उझबेकिस्तानची २२ हेही ध्यानात ठेवायला हवं.

---

माजी_फौजी_घोरपडी

साबळेचं नाव निघालं म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे फक्त वाचत असतो.

मी सैन्यात क्रॉस कंट्री पळायचो. अविनाश आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, बीड जिल्हा, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीन केलं, राजस्थान केलं, सिक्कीम केलं आणि मग पळायला लागला. स्टीपलचेसमध्ये आला २०१७ ला. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाळ सैनींचा राष्ट्रीय विक्रम मोडला, १९८१ पासूनचा होता तो, सदतीस वर्षं कुणाच्या हाताला लागला नव्हता!

बाळाला सांगा की स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटर, त्यात २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी. आणि तो अडथळा हर्डलसारखा धक्का लागला की पडणारा नसतो, जाडजूड लाकूड असतं, गुडघा लागला तर पडायचं तुम्ही. दमलेल्या पायांनी सातव्यांदा पाण्यात उतरताना काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं, बूट भरलेला असतो, मोजा जड झालेला असतो आणि समोर परत लाकूड येतं. हांगझोऊला त्याने ती शर्यत एकट्याने ओढली, पहिल्यापासून पुढे आणि मागच्यांना सोबतीला घेतलंच नाही. ८:१९.५०, एशियाडचा विक्रम, आणि या प्रकारात एशियाडला सोनं आणणारा पहिला भारतीय पुरुष. तीन दिवसांनी ५००० मध्ये रौप्य.

आता तुमच्या भावाच्या मुद्द्याचं बघू. पॅरिसच्या फायनलला अविनाश ८:१४.१८ पळाला, हांगझोऊपेक्षा पाच सेकंदांनी जलद, आणि नंबर आला अकरावा. पहिला आलेला मोरोक्कोचा एल बक्काली ८:०६ ला आत होता. आशिया आणि जग यातला फरक तो एवढा, आठ सेकंदांचा. आमच्यात म्हणायचे, घड्याळाला देश कळत नाही. त्याच्या महिनाभर आधी पॅरिसच्याच डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ पळालेला आहे. त्यामुळे ते सोनं खोटं अजिबात नाही, ते एका जिन्याची पायरी आहे आणि वर अजून किती पायऱ्या आहेत ते त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहितीय.

---

डावा_कोपरा

मला "कबड्डी-क्रिकेटची" या शब्दांचा राग आला, दादांवर नाही पण शब्दांवर आला, म्हणून जरा जोरात लिहिते.

मी पुण्यात दहा वर्षं कबड्डीत डावा कोपरा खेळले, आता मुलींना शिकवते. कबड्डीत आपल्याला सोनं फुकट मिळतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जकार्ता आठवावं. २०१८ ला पुरुष संघ सेमीफायनलला इराणकडून हरला, १९९० पासून पहिल्यांदा सोनं गेलं, आणि महिला फायनलला इराणकडूनच २७-२४. त्या रात्री आमच्या मैदानावर कुणी बोलत नव्हतं. मग हांगझोऊत महिला संघाने साखळीत चायनीज तैपेईशी ३४-३४ बरोबरी केली आणि फायनलला तोच संघ समोर. २६-२५! एका गुणाने! शेवटच्या चढाया बघताना माझ्या मुली एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. भारताचं शंभरावं पदक ते हेच. त्या संघात आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे होती, हे किती पुणेकरांना माहितीय?

पुरुषांची फायनल तर सगळ्यांनी पाहिली असेल, २८-२८ असताना पवन सेहरावत निर्णायक चढाईला गेला, कुणाला न शिवता कडेच्या राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे खेळाडूही तिथे शिरले. चढाईपटू कुणाला न शिवताच लॉबीत गेला तर गुण कुणाला, जुन्या नियमाने एक उत्तर निघतं आणि नव्या नियमाने दुसरं. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला, दोन्ही संघ मॅटवर बसले, किती वेळ खेळ बंद. शेवटी ३३-२९. आपण जिंकलो पण फायनलच्या शेवटच्या मिनिटाला पंचांनाच नियम एकमताने सांगता येत नसेल तर आपला खेळ ऑलिम्पिकला न्यायचा कसा, हा प्रश्न मला त्या सोन्यापेक्षा मोठा वाटतो. आपल्याच खेळात आपण नियमांचं पुस्तक नीट ठेवत नाही. आणि इराण, तैपेई आता आपल्याला घाम फोडतात ही चांगली गोष्ट आहे, तेवढे संघ तयार झाले तरच खेळ वाढेल.

---

बाणेरची_पहाट

ताई, तुमचं पटलं. चारच पदकं कबड्डी-क्रिकेटची हे मलाही माहीत नव्हतं, मीसुद्धा दादांचं ऐकून गप्प बसलो. आणि काका, घड्याळाचं वाक्य मी पोरीला वाचून दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं.

---

श्वास_धरून

बालेवाडीचं नाव आलं म्हणून. मी तिथल्या शूटिंग रेंजवर नवशिक्यांना हाताळणी शिकवायला मदत करतो.

स्वप्नील कुसाळे, कोल्हापूरच्या कांबळवाडीचा, पॅरिसच्या पदकापर्यंत मध्य रेल्वेत टीसी होता, सराव इथे बालेवाडीला. हांगझोऊला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये सांघिक सोनं त्याला मिळालं, ऐश्वर्य तोमर आणि अखिल शेरॉन बरोबर, तेही विश्वविक्रमासह. पण मला त्या दिवसातलं आठवतं ते दुसरंच. वैयक्तिक फायनलला तो पुढे होता. नीलिंग (गुडघ्यावर बसून) झालं, प्रोन (पालथं झोपून) झालं, तरी पुढे. मग उभं राहून मारायचं, आणि त्यात एक गोळी गेली ७.६ ला.

हे काय असतं ते सांगतो. या पातळीवर दहाच्या आतबाहेर खेळ चालतो, ९.८ आलं तरी माणूस ओठ चावतो. उभ्याने रायफल धरली की सगळं वजन डाव्या हातावर आणि कमरेच्या हाडावर येतं, काळजाचा ठोका नळीच्या टोकापर्यंत जातो, तुम्हाला नेमाच्या छिद्रातून ते काळं वर्तुळ हलताना दिसतं आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बोट दाबायचं असतं. तिथे एकदा घाई झाली की झालं. त्या एका गोळीने तो पहिल्यावरून घसरला आणि चौथा आला. सांघिक सोनं गळ्यात होतं पण स्वतःच्या फायनलचं पदक गेलं.

दहा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०२४, पॅरिसची फायनल. हाच प्रकार, हीच उभी पोझिशन शेवटी. यावेळी सुरुवात मागून होती आणि उभ्याने मारताना तो वर सरकत गेला, ४५१.४ आणि कांस्य. आम्ही सगळे रेंजवर मोबाईलभोवती उभे होतो, मी तर रडलो. या प्रकारातलं भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं पदक. मला कुणी विचारलं एशियाडचा उपयोग काय तर मी ती ७.६ ची गोळी दाखवीन. एवढ्या मोठ्या फायनलला आघाडीवर असण्याचं ओझं तुम्हाला सरावात कुठेच मिळत नाही.

---

अजिंक्यतारा_सातारा

पुण्यात नोकरीला आहे पण जीव साताऱ्यातच. तिरंदाजीवर दोन शब्द.

ओजस देवतळे नागपूरचा, अदिती स्वामी साताऱ्याची, दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे शिकलेले. ऑगस्ट २०२३ ला बर्लिनला दोघं जागतिक विजेते झाले, ओजसने फायनलला १५० पैकी १५० मारले, अदिती तर सतरा वर्षांची होती. हांगझोऊ त्यानंतर दोन महिन्यांनी. ओजसची तीन सुवर्ण, ज्योती सुरेखाची तीन, अदितीला सांघिक सोनं आणि वैयक्तिक कांस्य, शिवाय पुरुष संघात बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. दादांना सांगा, ऑलिम्पिकला नाही म्हणून हलकं म्हणता येत नाही, कारण ही पोरं आशियातच नाही तर जगात पहिली होती. ऑलिम्पिकने कंपाउंड घेतलं नाही यात त्यांचा काय दोष?

पण हिशेबनीस साहेबांचा आकडा बरोबर आहे आणि तो खुपतो. ऑलिम्पिकला जो रिकर्व्ह असतो त्यात हांगझोऊला पुरुष संघाचं रौप्य आणि महिला संघाचं कांस्य, तेवढंच. कोरिया समोर आली की आपलं थांबतं. रिकर्व्हला अंतर ७० मीटर, दोरी बोटांनी ओढून बोटांनीच सोडायची, कंपाउंडला ५० मीटर, पुली असते, दोरी सोडायला हातात रिलीजचं छोटं यंत्र असतं. दोन्हीची मेहनत वेगळी, एकात हुशार म्हणून दुसऱ्यात चालेल असं नसतं. लहान मुलांच्या आईवडिलांनी धनुष्य विकत घ्यायच्या आधी हे समजून घ्या, लाखाच्या वर खर्च जातो आणि नंतर बदलायचं म्हटलं तर परत पहिल्यापासून.

---

लाल_माती

कुस्तीचं कुणीच बोललं नाही म्हणून बोलतो. १९६२ च्या जकार्ता एशियाडला मारुती माने आणि गणपतराव आंदळकर या दोघांनी सोनं आणलं, दोघंही आपल्या सांगली जिल्ह्यातले. हांगझोऊला सहा पदकं, एक रौप्य, पाच कांस्य, सोनं नाही. त्या वर्षी आपले नावाजलेले पैलवान कितीतरी दिवस दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनाला बसले होते, सराव कधी करणार? विनेश गुडघ्यामुळे गेलीच नाही, बजरंग कांस्याची कुस्ती हरला. जकार्ताला २०१८ मध्ये याच दोघांनी सोनं आणलं होतं. १०७ मध्ये हे नुकसान दिसत नाही, दुसऱ्यांच्या पदकांनी झाकलं गेलं, म्हणून मला नुसता एकूण आकडा आवडत नाही. वेटलिफ्टिंगला तर एकही पदक नाही, मीराबाई चौथी.

---

पीटीच्या_बाई

पहाट दादा, सगळ्यांनी पदकांचं सांगितलं, मी तुमच्या लेकीचं सांगते. मी स्वतः ८०० पळायचे, विद्यापीठापर्यंत गेले, आता शाळेत पीटी शिकवते.

हांगझोऊला ८०० आणि १५०० दोन्हींत रौप्य मिळवणारी हरमिलन बैन्स, तिची ८०० ची वेळ २:०३.७५. तिच्या आईने २००२ च्या बुसानला याच ८०० मध्ये रौप्य घेतलं होतं, मायलेकींचं एकच अंतर आणि एकच रंग! आणि पारुल चौधरीची ५००० ची शर्यत तिला नक्की दाखवा, शेवटच्या सरळ पट्ट्यात जपानची मुलगी पुढे होती आणि पारुलने तिला गाठून मागे टाकलं. महाराष्ट्रातलंच बघायचं तर नाशिकची कविता राऊत, २०१० ला ग्वांगझूला १०,००० मध्ये रौप्य, आणि माण तालुक्याची ललिता बाबर, २०१४ ला इंचनला स्टीपलचेसचं पदक आणि दोन वर्षांनी रिओच्या ऑलिम्पिक फायनलला. ललिताचं उदाहरण मी नेहमी देते कारण एशियाडच्या पदकावर ती थांबली नाही.

आता जरा काळजीचं. चौदाव्या वर्षी रोज पहाटे सराव म्हणजे किती दिवस? आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच. हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा बघा, या वयात मुलींचं हटकून खाली येतं, मग धावण्याची वेळ मागे पडते आणि मुलीला वाटतं आपण आळशी झालो. माझं तसंच झालं होतं, दोन मोसम वाया गेले, तेव्हा कुणी रक्त तपासायला सांगितलंच नाही, नुसतं अजून पळ अजून पळ. नाचणी, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, आणि सरावानंतर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. आणि जिल्हा स्पर्धेतल्या नंबरापेक्षा वेळ वहीत लिहायला लावा, तारीख टाकून.

---

बाणेरची_पहाट

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, रक्त तपासणीचं उद्याच करतो, खरंच कधी केली नव्हती. रविवारी आता सरावाला सुट्टी.

काल दादांना फोन करून सगळं सांगितलं, कबड्डी-क्रिकेटची चारच, २८ पैकी १२ आणि २०२८ च्या यादीने १५, हे सगळं. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले बाराचा आकडा मला माहीत नव्हता, पण १५ चे २० व्हायला हवेत, आणि पोरीला फोन दे. तिच्याशी दहा मिनिटं बोलले. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत.

तिने अभ्यासाच्या टेबलासमोर कागद चिकटवलाय, वर २:०३.७५ आणि खाली पेन्सिलने तिची स्वतःची वेळ, २:३४. पेन्सिलने का, तर खोडता यावं म्हणून.

एक शेवटचं विचारतो, तिच्या स्पाइक्सच्या पिना झिजल्यात, सिंथेटिक ट्रॅकला किती मिलिमीटरच्या लावायच्या?

---

पीटीच्या_बाई

सहा मिलिमीटरच्या. विकत घेऊ नका, माझ्याकडे एक डबी पडून आहे. शनिवारी सव्वासहाला मी मुलींना घेऊन बालेवाडीलाच येणार आहे, पाना पण आणते, जुन्या पिना गंजून अडकल्या असतील तर आदल्या रात्री तेलाचा थेंब सोडून ठेवा.